शुद्धलेखनाचा शत्रू

शाळेत ऱ्हस्व-दीर्घापायी खाल्लेल्या छड्या मी आता वसूल करतोय. रात्री दीड वाजता ऑनलाइन लिलाव उघडून बसतो आणि लोक जुन्या घड्याळांची नावं कशी कशी चुकवतील याचा अभ्यास करतो. अचूक नावाचं घड्याळ सगळ्यांनाच सापडतं. चुकलेलं फक्त आपल्याला, अशी आपली समजूत.

मी ज्याच्या मागावर होतो ते युनिव्हर्सल जिनिव्ह या स्विस कंपनीचं पोलराउटर नावाचं घड्याळ. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सची विमानं १९५४ साली ध्रुवाच्या वाटेनं उडू लागली, त्या निमित्तानं निघालेलं. त्याचं रूप ठरवलं जेराल्ड जेंटा नावाच्या २३ वर्षांच्या पोरानं. (पुढे १९७२चं रॉयल ओक आणि १९७६चं नॉटिलस ही महागडी घड्याळंही याचीच. त्यांच्या किमती मी बसून वाचतो.) गंमत म्हणजे सुरुवातीला तबकडीवर ‘पोलारूटर’ होतं, मग कंपनीनंच एक अक्षर बदललं. म्हणजे खुद्द कंपनीच माझ्या बाकावरची!

तर एका रात्री सापडलं. ‘जुनी मनगटी घड्याळे, पाच नग, बंद.’ बस्स, इतकंच. फोटो धावत्या बसमधून काढल्यासारखा. पण तिसऱ्या घड्याळाच्या पट्ट्याखालून चौथ्याचा एक कोपरा डोकावत होता. पट्टा अडकवायचे त्याचे कान सरळ उतरत नव्हते, पिळून काढलेल्या फडक्यासारखे वळले होते. ते वळण मी झोपेतही ओळखलं असतं. झोप तशीही गेलीच होती.

आता एकच काळजी, दुसऱ्या कुणाला दिसलं तर? पानावर ‘किती वेळा पाहिले’ असा आकडा होता. संध्याकाळी ४, रात्री १९, सकाळी ३७. माझा घसा कोरडा. जग जागं झालं होतं! दुपारी जेवताना उलगडा झाला. माझा फोन, ऑफिसचा कॉम्प्युटर, बायकोचा टॅब. ते सदतीसच्या सदतीस जण मीच होतो.

बोली शेवटच्या क्षणी लावायची, हा नियम मला पाठ आहे. आठ सेकंद उरली असताना लावली. लगेच कुणीतरी वर चढवली. अडतिसावा निघाला शेवटी! त्यात या लिलावात उशिरा बोली आली की वेळ दोन मिनिटं वाढते. मी मनाशी एक मर्यादा ठरवली होती. तिला तीनदा समजावलं, तिन्ही वेळा तिनंच माघार घेतली. लिलाव माझ्या नावावर झाला. मग बिल आलं. हातोडा पडला त्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन, वर कर, पाठवणावळ, विमा. स्वस्तातली वस्तू एवढ्या जणांना पोसते हे मला माहीत नव्हतं.

“पाच घड्याळं, आणि चालू एकही नाही?” बायको म्हणाली. बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं, हा ठेवणीतला विनोद मी काढणार, तोच तिनं हिशेब मांडला, “म्हणजे दिवसातून दहा वेळा बरोबर वेळ कळेल.”

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण फिरवलं. बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळांत चावी देणारं वजन यंत्राच्या डोक्यावर फिरतं. इथे ते इवलंसं, यंत्राच्या पोटातच बसवलेलं, म्हणून घड्याळ एवढं पातळ. आत ‘मायक्रोटर’ अशी अक्षरं, म्हणजे या रचनेला कंपनीनं दिलेलं नाव. मी श्वास सोडला.

“अस्सल आहे,” ते म्हणाले. “तेल पार सुकलंय. चावीचं बटण भलत्याच कंपनीचं आहे. आणि पुढच्या महिन्याच्या आत विचारायला येऊ नका.”

पावती फाडून दिली. ‘पोलोरावडर, बंद, १ नग.’ दुरुस्त करायला मी पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. उगाच कुणाच्या नजरेत यायचं.