शंभर ग्रॅम मिरी

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी भारतात बालदिन होता आणि त्याच दिवशी ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ या जपानी व्हिडिओ खेळाची नवी आवृत्ती जगभर विक्रीस आली, हा योगायोग माझ्या पत्नीने पुढील चार दिवसांत घरी आलेल्या प्रत्येकाच्या कानांवर घातला. मी खुलासा असा करीत असे की मूळ खेळ १९८८ सालचा आहे, म्हणजे तो माझ्या पिढीचा आहे, आणि खरे पाहता आजच्या मुलांनीच तो खेळणे वयाला शोभत नाही. हा खुलासा कोणालाही पटला नाही, दूधवाल्यालाही नाही.

त्या गुरुवारी मी रजा घेतली होती. शुक्रवारी गुरुनानक जयंती, पुढे शनिवार-रविवार, असा एका रजेत चार दिवसांचा हिशेब कोणत्याही नोकरदार माणसाला तोंडपाठ असतो. अर्जात मी ‘घरगुती कार्य’ असे लिहिले. साहेबांनी “तुळशीचं लग्न का?” असे आपुलकीने विचारले, तेव्हा मी मान नेमकी किती हलवली याविषयी आजही माझ्या मनात संदिग्धता आहे. तथापि या बाबतीत इतिहास माझ्या बाजूने आहे. मूळ खेळ जपानमध्ये १० फेब्रुवारी १९८८ रोजी, बुधवारी, बाजारात आला, तेव्हा शाळा बुडवून दुकानांपुढे रांगा लावणारी शेकडो मुले पोलिसांच्या हाती सापडली होती, आणि चौथा भाग १९९० साली आला तो मुकाट्याने रविवारी आला. मी निदान रीतसर अर्ज तरी केला होता.

रजेच्या सकाळीच पत्नीने सांगितले, “अहो, आईंचा खोकला वाढलाय. काढ्याला शंभर ग्रॅम मिरी आणा.” मी “आणतो” म्हणालो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण मी ते ठेवले नाही.

या खेळाशी माझे नाते जुने आहे, पण ते मला फार उशिरा कळले. नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्याच्या कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचे छापलेले असे आणि आत पाच-सहा खेळ आळीपाळीने वेगळ्या नावांनी भेटत. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हे त्या काळचे सर्वमान्य तंत्रज्ञान होते. एकदा आणलेल्या एका कॅसेटमध्ये गोळीबार नव्हता, उड्या नव्हत्या. जपानी अक्षरांच्या चौकटी उमटत होत्या आणि मुकुट घातलेले एक चिमुकले चित्र काहीतरी सांगत होते. ती नासकी आहे असे ठरवून आम्ही ती परत केली. तो कोणी राजा असावा आणि तो आम्हांला काम सांगत असावा, हा उलगडा मला आता, सत्तेचाळिसाव्या वर्षी होत आहे.

नव्या आवृत्तीची खुबी अशी की माणसे जुन्याच पद्धतीची, ठिपक्याठिपक्यांची; मात्र त्यांच्याभोवतीचे जग खोल, उजेड-सावलीचे, दिवाळीतल्या किल्ल्यात कोणी खराखुरा सूर्य सोडावा तसे. मूळचा अख्खा खेळ २५६ किलोबाइटमध्ये मावला होता. हल्ली शेजाऱ्यांनी पाठवलेले ‘शुभ सकाळ’देखील त्याहून जड असते. नवा मात्र उतरवून घेताना दुपार गेली, आणि माझा लॅपटॉप एवढ्या जुनेपणाचे ओझे सोसवेना म्हणून कुकरसारखा फुसफुसू लागला. जुने दिसण्यासाठी यंत्र नवे लागते. आमच्या गावच्या वाड्याची डागडुजी करणाऱ्या कंत्राटदाराने मला हेच सांगितले होते.

खेळाच्या आरंभी एक अदृश्य आवाज काही खासगी प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून तुमचा स्वभाव ठरवतो. माझा स्वभाव काय निघाला ते मी घरात कोणालाही सांगितलेले नाही. परंतु चिरंजीव पाठीमागेच उभे होते. त्यांनीच पुढे सुचवले, “बाबा, सोपी पातळी घ्या, तिच्यात माणूस मरतच नाही.” अपमान गिळून मी मधली पातळी निवडली आणि पहिल्या तासाभरात दोनदा मेलो.

मग नायकाच्या सोळाव्या वाढदिवशी आई त्याला उठवून राजाकडे नेते आणि तो गुत्त्यावर जाऊन सोबती जमवतो. योद्धा, पुरोहित, जादूगार असे अनेक पेशे तेथे आहेत. त्यांत ‘गॅडअबाउट’ म्हणजे शुद्ध मराठीत उंडगा हाही एक मान्यताप्राप्त पेशा आहे. ऐन लढाईत सांगितलेले काम सोडून तो भलतेच काहीतरी करीत बसतो. गंमत अशी की ज्ञानी पुरुष व्हायला इतरांना एक दुर्मीळ ग्रंथ मिळवावा लागतो, उंडगा मात्र विसाव्या पायरीवर पोहोचला की ग्रंथाविना ज्ञानी होऊ शकतो. हे मी पत्नीला उत्साहाने वाचून दाखवले. “तुमची कितवी पायरी चालू आहे?” एवढेच तिने विचारले.

चार दिवसांत माझ्या ध्यानात आले की पराक्रम पराक्रम म्हणतात तो बहुतांशी सांगकामेपणा असतो. या खेळातील जग आपल्याच पृथ्वीच्या नकाशावर बेतलेले आहे; इटलीच्या जागी रोमारिया, जपानच्या जागी जिपांग. पोर्तोगा नावाच्या देशाचा राजा तुम्हांला जहाज देऊ करतो, पण त्यासाठी पूर्वेकडून काळी मिरी आणावी लागते. वास्को द गामा १४९८ साली कोझिकोडला उतरला तो याच पिकाच्या वासावर, तेव्हा राजाची मागणी ऐतिहासिकदृष्ट्या निर्दोष होती. मी बोगद्यातून, डोंगरांमागून, चिखलासारख्या राक्षसांना तुडवीत बहाराता नावाच्या गावी पोहोचलो. हे गाव कोणत्या देशावरून घेतले आहे ते नावातच ऐकू येते. तेथे मिरीच्या व्यापाऱ्याची नात दरोडेखोरांनी पळवलेली. तिला सोडवले, तिच्या वाग्दत्त वरालाही सोडवले, आणि रविवारी रात्री साडेनऊला त्या कृतज्ञ जोडप्याने मला फुकट मिरी दिली.

“मिळाली! मिरी मिळाली!” मी खुर्चीवरून उठून ओरडलो.

“आणलीत एकदाची?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “द्या इकडे, पाणी उकळतंय.”

आतल्या खोलीतून आई खोकली. चिरंजीवांनी काही न बोलता माझ्या चपला पुढे सरकवल्या.

कोपऱ्यावरच्या वाण्याने शटर अर्धे ओढले होते. मी वाकून आत डोकावलो आणि मिरी मागितली. “मिरी संपली, साहेब,” ते गल्ला मोजता मोजता म्हणाले, “आता मंगळवारी माल येईल.”

त्यांना एखादी नात आहे काय, हे विचारण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.