इतिहास घेतलाय? मग आधी मोडी शिका

बारावीचे निकाल लागले की ठाण्या-कळव्यात इतिहास घेणाऱ्या पोरांना घरून एकच प्रश्न: "पुढे काय, मास्तरकी?" बाहेरून एकच सल्ला: "एमपीएससी कर." माझं मत सरळ आहे. नुसत्या बी.ए. इतिहासाला बाजारात भाव नाही, पण जुना कागद वाचता येणाऱ्याला आहे. म्हणून पहिल्याच वर्षी मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत आहेत ती.

अक्षरओळख लवकर होते. घोडं पुढे अडतं. आधी रेघ आखून तिच्याखाली सलग लिहिलेलं असतं, त्यामुळे शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद नाही. 'राघो बिन धर्मा' म्हणजे धर्माचा मुलगा राघो; नवशिके 'बिन' नावातच चिकटवतात. रकान्यात 'कित्ता' असेल तर वरचीच नोंद, आणि पानाच्या पहिल्याच ओळीत असेल तर मागचं पान उघडावं लागतं. फोटो काढणाऱ्याने नेमकं तेच पान सोडलेलं असतं!

खरी गंमत तारखेत. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार: शुहूर सन ११७१ (मराठेशाहीच्या कागदांत असं अरबी आकड्यांत वर्ष लिहीत). हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट ५९९ लावले की घोळ. ठाण्याचा किल्ला (आजचं मध्यवर्ती कारागृह) इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये घेतला. पुढच्या जानेवारीतल्या पत्राला ५९९ लावलेत, तर किल्ला पडण्याच्या अकरा महिने आधीच तो पडल्याची बातमी येते.

काम कुठे मिळतं? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणारे शोधत फिरायची पाळी आली. बेलापूर-उरण पट्ट्यात जमिनीचे आणि वारसाचे वाद आहेत, जुने फेरफार मोडीत आहेत. हे काम सुटं असतं, महिन्याचा पगार नव्हे. पगार हवा तर अभिलेखागार, म्हणजे जुने कागद जपणारा दफ्तरखाना: दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, कंपन्याही स्वतःचं दफ्तर जपतात. गोदरेजचं विक्रोळीत आहे, ठाण्याहून स्लो लोकलने पाचवं स्टेशन. उत्खननाची ओढ असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज.

प्राध्यापकीचं म्हणाल तर नेट या पात्रता परीक्षेसाठी खुल्या गटाला एम.ए.ला ५५ टक्के लागतात. ५३ वर अडकलेले दरवर्षी भेटतात. नेट झाल्यावरही बऱ्याच जणांची वर्षं तासिका तत्त्वावरच जातात, हे घरी आधीच सांगून ठेवा.

यूपीएससीला इतिहास वैकल्पिक घेणाऱ्यांनो, पहिल्या पेपरात नकाशाला ५० गुण आहेत: २० स्थळं, प्रत्येकी अडीच. ठिकाण अचूक ओळखायचं आणि त्यावर दोन-तीन ओळी लिहायच्या. पोरं नकाशा शेवटच्या महिन्यावर ढकलतात. ते गुण असे फुकट घालवू नका.

मोडीचा सराव घरूनच सुरू होऊ शकतो. आजोबांच्या ट्रंकेत गहाणखत किंवा खरेदीखत सापडलं तर सपाट ठेवून, फ्लॅश न मारता दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू सगळे विसरतात, शेरे तिथेच असतात. आणि 'जपून ठेवायला' म्हणून लॅमिनेशन अजिबात करू नका. मग तो कागद परत सुटत नाही.