वाइंडर हवाच असं नाही

घड्याळांवरच्या लेखात म्हटलंय की ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) घड्याळ बंद राहिलं तर आतलं तेल घट्ट होतं, म्हणून वाइंडर (न घातलेलं घड्याळ फिरवत ठेवणारी पेटी) घ्याच. जुन्या तेलांचं ते खरं होतं. आताची कृत्रिम तेलं तशी थिजत नाहीत. उलट सतत फिरवत ठेवलं तर झीज चालूच राहते.

वडिलांचं सेको ५ माझ्याकडे आहे, आत ७एस२६ मशीन. त्याला हाताने चावी देता येत नाही, साधारण ४० तास चालतं. रविवारी हातात घेऊन आडवं हलवलं की रोटरची (हालचालीने फिरून चावी देणाऱ्या आतल्या वजनाची) घरघर बोटांना जाणवते आणि सेकंदकाटा सरकू लागतो. मला तो क्षण फार प्रिय आहे. तारीख मात्र घड्याळात रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यानची वेळ असताना बदलू नका, आतल्या चाकांचे दाते दुखावतात.

पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष स्वतःच सांभाळणारी तारीख) असेल तर वाइंडर जरूर घ्या, बंद पडल्यावर ते पुन्हा जुळवणं किचकट असतं.