सोसायटीतले अशोक आणि निपाहचा मेसेज

रविवारी सकाळी आईने फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघ रे, गेटजवळचे अशोक तोडायला हवेत. खाली सह्या घेतायत." सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज होता, शंभर ठिकाणी फिरून आलेला. मजकूर थोडक्यात असा: जंगल म्हणजे रोगांचं कोठार, निपाह, माकडताप तिथूनच येतात. म्हणून मुंबईतल्या नॅशनल पार्कालगतच्या सोसायट्यांनी वटवाघळं येतात ती झाडं तोडावीत, फटाके लावून त्यांना हाकलावं. बिबट्यांमुळे रेबीज वाढतो. आणि प्रगत देशांनी जंगलं साफ केली, म्हणून तिकडे असले आजार नाहीत.

आईने सही करूनही टाकली होती. नाहीतर असल्या मेसेजला उत्तर लिहीत बसायला मला वेळ नाही.

आधी जे खरं आहे ते कबूल करतो, नाइलाजाने. वटवाघळांत निपाहचा विषाणू असू शकतो. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, २०२० मध्ये घेतले, त्यांत त्याच्या खुणा सापडल्या. केरळात २०१८ साली १७ माणसं गेली. पण एवढ्यावरून फटाक्यांपर्यंत उडी कशी मारली, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

कारण सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. निपाहचाच भाऊबंद शोभेल असा हेंड्रा नावाचा विषाणू ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये सापडला. फळं-मध खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांकडून घोड्यांना, घोड्यांकडून माणसांना. तिथल्या २५ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. त्यात काय निघालं? हिवाळ्यात फुलणारी जंगलं तोडली गेली, वटवाघळांची उपासमार व्हायला लागली, मग ती लहान लहान टोळ्या करून वस्तीजवळच्या, घोड्यांच्या कुरणांजवळच्या झाडांवर राहायला आली. उपाशी प्राण्याच्या अंगातून विषाणूही जास्त बाहेर पडतो. आणि ज्या हिवाळ्यात उरलेलं जंगल भरभरून फुललं, तेव्हा हीच वटवाघळं तिकडे निघून गेली आणि घोड्यांना लागण झाली नाही. जंगल होतं तोवर ती आपल्या वाटेला येत नव्हती, एवढं साधं आहे हे.

हाकलायचं सोडा, मारूनही पाहिलंय लोकांनी. युगांडातल्या किटाका खाणीत मारबर्ग नावाच्या जीवघेण्या विषाणूच्या भीतीने वटवाघळं संपवली. काही वर्षांनी नवी आली, तर त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त.

आता आमचे अशोक. खरा अशोक नव्हे, तो उंच, सरळसोट खोटा अशोक. पावसाळ्यात त्याची जांभळट फळं पिकली की वटवाघळं रात्री येतात, गर चोखतात आणि बिया खाली टाकतात. सकाळी स्कूटरच्या सीटवर चिकट डाग आणि बियांचा सडा. किळस येते, मान्य. कापडाने पुसा, हात साबणाने धुवा, खाली पडलेलं उष्टं फळ कुठलंही असो, पोरांना उचलू देऊ नका. झालं. आणि मुंबईत झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५चा कायदा आहे. चार सह्यांनी भागत नाही.

माकडतापाचा मुद्दा वाचून तर मी आईकडेच बघत बसलो. तिचं माहेर दोडामार्ग तालुक्यातलं. तिथे २०१६ मध्ये माकडताप आला तेव्हा मामा काजूच्या बागेत जाताना अंगाला सरकारी तेल चोपडून जायचा. हा रोग पसरवते गोचीड. पहिल्यांदा तो १९५७ मध्ये कर्नाटकात, शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात कळला. जंगलाचे तुकडे पाडून मध्ये बागा केल्या, कडेला झुडपं माजली, त्यात गुरं चरायला सोडली की गोचिडीला आयतं रक्त मिळतं, आणि माणूसही रोज त्याच कडेवर. दाट रानात जाऊन कुणी काजू वेचत नाही.

बिबट्याचं तर उलटंच आहे. २०१८च्या एका अभ्यासाचा अंदाज असा की नॅशनल पार्कातले पस्तीसेक बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात, त्यामुळे हजारभर चावे टळतात. बिबट्याची भीती वाटते तर रात्री कचरा उघडा टाकू नका, कुत्री त्यावरच जमतात. प्रगत देशांचं म्हणाल, तर हेंड्रा ऑस्ट्रेलियातलाच.

हे सगळं आईला वाचून दाखवलं. तिने लगेच सेक्रेटरींना फोन लावून सही खोडायला सांगितली. फोन स्पीकरवर होता.

"काकू," ते म्हणाले, "तुमचं बरं आहे हो. तुमची गाडी नाही ना त्या झाडाखाली!"