बिल थकलंय? वसूल करा, पण पेशंट अडवू नका

डॉक्टर राउंडला येऊन "आज घरी जा" म्हणतात, पण खरी सुट्टी होते ती गेटपास मिळाल्यावर. आधी फार्मसी आणि लॅबचं क्लिअरन्स, मग फायनल बिल, पैसे भरले की शिक्क्याची चिठ्ठी, आणि ती वॉचमनच्या हातात पडल्यावरच दार उघडतं. मी सोलापुरात बरीच वर्षं बिलिंग काउंटरवर काम केलंय. पैसे कमी पडले की त्या दारापाशी काय होतं ते जवळून बघितलंय.

विड्या वळणारी एक अक्का नवऱ्याच्या ऑपरेशनचं बिल घेऊन उभी होती. बचत गटाचं कर्ज काढून झालेलं, भावाकडून उसनेही आणलेले, तरी १९ हजार कमी. तंबाखूने काळवंडलेल्या बोटांनी तिने नोटा परत परत मोजल्या. मग काही न बोलता गळ्यातलं काढून काउंटरवर ठेवलं. पेशंट ठणठणीत होता, तरी पैसे जमेपर्यंत त्याला सोडलं नाही, आणि त्या जादा रात्रींचं बेडभाडं, नर्सिंग चार्ज त्याच बिलात चढले. जिच्याकडे १९ नव्हते, तिच्याकडे आता २५ मागायचे! हा कुठला हिशेब?

आणि हे कायद्यात बसतच नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट आहे की बिलाच्या वादावरून पेशंटला रोखता येत नाही, मृतदेहही नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही पेशंटला असं अडवणं बेकायदा म्हटलंय. एखाद्याला बेकायदा डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असा डॉक्टरांसाठीच नियम आहे, आणि तरी फाईल दाबून ठेवली जाते.

म्हणजे दवाखान्याने पैसे सोडून द्यावेत का? मुळीच नाही. लहान नर्सिंग होमवाल्या डॉक्टरांचेही मशिनचे हप्ते असतात, सिस्टरांचे पगार असतात, आणि ऐपत असून बिल बुडवणारे लोकही मी पाहिलेत. त्यांच्याकडून वसुलीसाठी दिवाणी दाव्याची वाट आहे, दावा लावायची मुदत तीन वर्षांची. कोर्टकचेरी नको असेल तर लोकअदालत आहे. वीजबिलाची आणि बँकेची थकबाकी दावा दाखल होण्याआधीच तिथं तडजोडीला येते, मग दवाखान्याचं बिल का येऊ नये? सोलापुरातल्या डॉक्टरांच्या संघटनेने आणि लोकअदालत भरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने एकदा एकत्र बसून हे सुरू करावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. हप्ते बांधून दिले तर यंत्रमागावरचा कामगारसुद्धा आठवड्याच्या पगारातून फेडतो.

काउंटरशेजारीच हल्ली फायनान्सवाल्याचं टेबल असतं. तिथं सही केलीत की देणं दवाखान्याचं राहत नाही, कर्ज होतं. व्याज आणि सगळे चार्ज लिहिलेला कागद आधी मागा, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

त्याच्याही आधी, ॲडमिट होतानाच, सरकारच्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, रेशनकार्ड दाखवा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत. दवाखाना योजनेत आहे का, हे १५५३८८ वर कळतं.

आणि तरी कुणी अडवलंच, तर वॉचमनशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. साध्या कागदावर लिहा : इतके भरले, इतके बाकी, असे हप्ते देईन, पेशंटला घेऊन जात आहे. काउंटरवर त्याची पोच घ्या, कोरा चेक मात्र देऊ नका. पोच नाकारली तर कागदाचा फोटो काढा आणि ११२ लावा. शहरात असाल तर महापालिकेच्या आरोग्य विभागातही लेखी तक्रार द्या, शुश्रूषागृहांची नोंदणी त्यांच्याकडेच असते.