तिसरा भालदार

आमचे आजोबा सिनेमात होते. कोल्हापुरात हे सांगितल्यावर कुणी चहासुद्धा पाजत नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारणारं हे गाव. इथं घरटी एक पूर्वज पडद्यावर उभा राहून गेलेला आहे. शेजाऱ्यांची तर म्हैस होती म्हणे.

पण आमचा सिनेमा साधा नव्हे. ‘अयोध्येचा राजा’, १९३२. मराठीतला पहिला बोलपट, आणि तोही प्रभात फिल्म कंपनी पुण्याला जायच्या आधी इथंच झालेला. त्यात आजोबा, म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, ‘दादा’, राजदरबारातले तिसरे भालदार, अशी घरातली नोंद.

परवा जेवताना चिरंजीवांनी जाहीर केलं, “आबा, असले सिनेमे आता फुकट बघता येतात. प्रदर्शनाला ६० वर्षं झाली की हक्क संपतात.”

आबांनी हिशेब केला आणि माझ्याकडं बघितलं. “मग तू तीस वर्षं काय करत होतास?”

रविवारी दुपारी सगळे टीव्हीसमोर. दरबार आला.

“थांबीव! त्यो बघ दादा!”

पडद्यावर एक दाढी, एक भाला आणि धो धो पाऊस. दरबारात पाऊस कसा, तर तो फिल्मवरच्या ओरखड्यांचा. “मागं घे.” घेतला. आता दादा डावीकडं होते. पुन्हा मागं. चौथ्या खेपेला दादा सिंहासनामागं निघाले. “तो खांब आहे हो,” ही हळूच म्हणाली.

“दादा तसंच उंच हुतं,” आबा म्हणाले.

त्यात आवाज. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होऊन स्वतःच गाणार, दुर्गा खोटे तारामती होऊन स्वतःच. विष्णुपंत दामल्यांनी जीव ओतून टिपलेलं ते गाणं नव्वद वर्षांत घासून घासून आमच्यापर्यंत पोचलं ते भजी तळल्यासारखं. आबांना ऐकायला निम्मं येतं. आवाज वाढवला की खरखर वाढते, कमी केला की आबा वाढतात. शेवटी प्रत्येक वाक्य मी त्यांच्या कानात ओरडून सांगायला लागलो. विश्वामित्र मी, हरिश्चंद्र मी, डोंबही मीच.

रोहिदासाला साप चावला तेव्हा आवाज पार टोकाला होता. तारामतीनं हंबरडा फोडला, आणि आबांना कळावं म्हणून मीही फोडला.

दहा मिनिटांत दार वाजलं. दारात शेजारच्या काकू, डोक्यावर पदर, हातात झाकलेलं पातेलं. मागं निम्मी गल्ली.

“कधी झालं ओ?” काकूंनी डोळे पुसत विचारलं.

“१९३२ साली,” चिरंजीव म्हणाले.

काकूंनी आत डोकावलं. ज्यांच्यासाठी पिठलं-भाकरी आणली होती ते आबा कॉटवर टुणटुणीत बसून टीव्हीतल्या खांबाकडं बोट दाखवत होते. काकूंनी आधी पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पण पातेलं परत न्यायचं म्हणजे अपशकुन. मग गल्लीच आत आली. पिठलं वाटलं गेलं, आणि प्रत्येकानं आपापला पूर्वज शोधायला सुरुवात केली. म्हशीचा दावाही पुढं आला. “थांबीव” आता सात तोंडांनी ऐकू यायला लागलं.

रात्री साडेआठला सिनेमा संपला. मी रिमोट उशीखाली सारला. घसा पूर्ण बसला होता.

“ह्येच हिंदीतबी काढलाय न्हवं?” आबांनी विचारलं.

मी मान डोलावली.

“लाव. त्यात दादा पुढच्या रांगंत हुतं.”