पोल वाकतो, मग पुठ्ठा का पुरत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पोल व्हॉल्टचे, म्हणजे बांबूउडीचे, पोल पीव्हीसी पाइपात भरून मालवाहतुकीनं पाठवा, हा माझ्या लेखातला सल्ला खेळाडूला नाहक खर्चात पाडतो, असं तुम्ही म्हणता. तुमचं म्हणणं असं, की फायबरग्लासचा पोल उडीत कमानीसारखा वाकतो, तो ट्रकमध्ये कसला तुटतोय! तुमचे भाले पुठ्ठ्याच्या नळीतून कुरिअरनं व्यवस्थित जातात. शिवाय पोल दोन-दोन करून वेगळे पाठवले तर स्वस्त पडेल, असंही तुम्ही सुचवलं आहे.

भाल्याबद्दल वाद नाही. पुरुषांचा भाला २.६ ते २.७ मीटरचा. काही मोठ्या पार्सल कंपन्यांची लांबीची मर्यादा पावणेतीन मीटरच्या आसपास असते, त्यात तो कसाबसा बसतो. आणि वाकला तर हातात फिरवून बघताच कळतं. पाच मीटरचा पोल पार्सल केंद्रातल्या सरकत्या पट्ट्यांवर वळूच शकत नाही. तो ट्रकचाच माल. तिथं शेजारी लोखंडी कडांच्या पेट्या असतात, फोर्कलिफ्टचे दात असतात.

आता वाकण्याचं. पोल म्हणजे काचतंतूंचे थर रेझिनमध्ये (राळेसारख्या चिकट द्रवात) गुंडाळून, भट्टीत पक्की केलेली पोकळ नळी. उडीत ती लांबच्या लांब वाकते आणि ताण असंख्य तंतूंत वाटला जातो. एखाद्या टोकदार कडेचा घाव बसला की तेवढ्या जागचे तंतू तुटतात आणि पुढच्या उडीत ताण नेमका तिथंच एकवटतो. वरून दिसतो तो फक्त ओरखडा. म्हणून पॅकिंगनं पोलला वाकण्यापासून वाचवायची फारशी गरज नाही. घावापासून वाचवायला हवं, आणि ते पुठ्ठ्याला जमत नाही, एकदा ओला झाला की मुळीच नाही. पोल हवेत तुटतो तेव्हा काय होतं हे २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत सगळ्यांनी पाहिलं. क्यूबाच्या लाझारो बोर्गेसच्या पोलचे उडीतच तीन तुकडे झाले. तो बचावला. सरावाच्या मैदानावरचं पोरगं दर वेळी बचावेलच असं मी धरून चालणार नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण तो पीव्हीसीमुळे वाढत नाही, जाडीमुळे वाढतो. वाहतूकदार प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागायचं, हा सर्रास वापरला जाणारा हिशेब. गोल नळीही चौकोनी धरतात. पाच मीटरचा २० सेंटिमीटर जाड पाइप म्हणजे ४० किलो. तोच १५ सेंटिमीटरचा घेतला तर २२.५ किलो. पुठ्ठ्याची नळी तेवढीच जाड असेल तर हा आकडा तसाच राहतो. म्हणून जाडी कमी करा, दोन पोलांमध्ये फोमची पट्टी घाला आणि टोपणं स्क्रूनं बसवा.

याच हिशेबानं पोल वाटून पाठवले की दोन नळ्यांचे पैसे पडतात. पण मला त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. ओलांडायच्या दांडीची उंची वाढते तसा खेळाडू अधिक ताठ पोल घेतो, त्यामुळे एक हरवला की मधली पायरीच जाते. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचा एक पोल ऐन वेळी सापडला नाही, आणि ती दहावी आली. पुढे २०११ मध्ये हीच मुरेर जगज्जेती झाली. सगळे पोल एकाच नळीत, एकाच पावतीवर पाठवा, असं मी पुन्हा सांगेन.

एक गोष्ट मूळ लेखात नव्हती, ती इथं जोडतो. माल उतरला की ट्रक उभा असतानाच पाइप उघडा आणि प्रत्येक पोलवरून सुती फडकं फिरवा. उघडा हात नको, काचेची कुसळं घुसतात. फडकं कुठं अडकलं तर तो पोल बाजूला काढा आणि पावतीवर तसं लिहूनच सही करा.